कर्मचारी प्रशिक्षण व विकास : पदव्युत्तर अभ्यासक्रमातील हा विषय कसा अभ्यासावा

पदव्युत्तर व्यवस्थापन अभ्यासक्रमात मानव संसाधन हे विशेषीकरण घेणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना 'प्रशिक्षण व विकास' हा पेपर हलका वाटतो. त्यात वित्तासारखी गणिते दिसत नाहीत, कामगार कायद्यासारखी कलमे नसतात. पद्धतींची नावे, त्यांचे फायदे-तोटे आणि दोन-चार आकृत्या पाठ असल्या की उत्तरपत्रिका भरते आणि गुणही बरे मिळतात. खरी अडचण नोकरीच्या पहिल्या वर्षी येते. विभागप्रमुख येऊन म्हणतो, "माझ्या माणसांच्या चुका वाढल्या आहेत, त्यांना ट्रेनिंग द्या," आणि पाठ केलेल्या यादीतील एकही मुद्दा त्या क्षणी उपयोगी पडत नाही, कारण तेव्हा दोनच प्रश्नांना महत्त्व असते: ही अडचण मुळात प्रशिक्षणाने सुटणारी आहे का, आणि प्रशिक्षण दिल्यावर ती त्यामुळेच सुटली हे कशावरून ठरवायचे. माझ्या मते हा सगळा विषय या दोन प्रश्नांच्या मधोमध उभा आहे, आणि अभ्यासही त्यांना धरूनच करावा.

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात एक काम निवडावे

पहिली पायरी पुस्तक उघडण्याची नसून काम निवडण्याची आहे. असे एक काम निवडावे जे निदान तीन-चार माणसे करतात, जे तुम्हाला प्रत्यक्ष उभे राहून पाहता येते आणि ज्याचे फलित मोजता येते. ग्रंथालयात पुस्तके परत घेणे, रुग्णालयाच्या स्वागतकक्षात नोंदणी करणे, ग्राहकांचे दूरध्वनी घेणे, गोदामात आलेला माल नोंदवणे, यांपैकी काहीही चालेल. 'नेतृत्व' किंवा 'संवादकौशल्य' असे विषय या टप्प्यावर घेऊ नयेत. ते मोठे दिसतात, पण त्यांतील चूक कोणती आणि बरोबर कोणते हेच ठरवता येत नसल्यामुळे पुढची प्रत्येक पायरी भुसभुशीत होते.

निवडलेल्या कामासाठी एक स्वतंत्र वही ठेवावी आणि वर्गात शिकवली जाणारी प्रत्येक संकल्पना त्या कामावर चालवून पाहावी. संपूर्ण सत्रात काम बदलू नये. दर प्रकरणाला नवे उदाहरण घेतले की प्रत्येक संकल्पना आपापल्या उदाहरणात शोभून दिसते, पण एका संकल्पनेतून दुसरी कशी निघते हे कळत नाही, आणि या विषयातील कसब नेमके त्या सांध्यांवरच आहे.

या लेखापुरते आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गोदामात आलेल्या मालाच्या संगणकीय नोंदी करणारे कर्मचारी दोन पाळ्यांत काम करतात. अलीकडे मालाचे संकेतांक लिहिण्याची पद्धत बदलली आहे आणि संध्याकाळच्या पाळीत नोंदींतील चुका वाढल्या आहेत. व्यवस्थापकाची मागणी अर्थातच प्रशिक्षणाची आहे.

संज्ञा लवकर उरकाव्यात

प्रशिक्षण म्हणजे सध्याच्या कामासाठी लागणारे ज्ञान व कौशल्य मिळवून देणे, विकास म्हणजे पुढे येणाऱ्या जबाबदाऱ्यांसाठी माणसाची तयारी करणे, आणि शिक्षण या दोहोंहून व्यापक, एवढा फरक समजला की पुढे जावे. प्रत्यक्षात या सीमा धूसर असतात आणि व्याख्यांची तुलना करण्यात आठवडे घालवून हाती फारसे काही लागत नाही. परीक्षेसाठी लागतील तेवढ्या दोन व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवाव्यात.

अडचण प्रशिक्षणाची आहे का, हे तपासणे

येथे मात्र थांबावे. अभ्यासक्रमात याला 'प्रशिक्षण गरजांचे विश्लेषण' म्हणतात आणि तीन पातळ्या सांगितल्या जातात: संस्था, काम आणि व्यक्ती. ही त्रिस्तरीय मांडणी मॅकगेही आणि थेअर यांनी १९६१ मध्ये केली आणि ती आजही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. विद्यार्थी तिन्ही पातळ्यांच्या व्याख्या लिहितात. परंतु प्रत्येक पातळीवर कोणता प्रश्न विचारायचा आणि त्याचे उत्तर कोणत्या कागदात, कोणाकडे किंवा कोणत्या निरीक्षणात मिळेल, हे लिहिण्याची सवय लावावी. संस्थेच्या पातळीवरचा प्रश्न असा की या चुकांमुळे संस्थेचे नेमके काय बिघडते, आणि शिकलेले वापरायला वरिष्ठ वाव देतील का. कामाच्या पातळीवरचा प्रश्न असा की हे काम नीट करणारा माणूस टप्प्याटप्प्याने काय करतो. व्यक्तीच्या पातळीवर कोणाला काय येत नाही हे पाहायचे असते.

या तिन्हींच्या आधी एक साधी चाचणी लावावी, जी मेगर आणि पाइप यांनी १९७० मध्ये सुचवली होती: या माणसाचा जीव या कामावर अवलंबून असता, तर त्याला ते करता आले असते का? उत्तर 'हो' असेल तर त्याला ते येते. तो करत नाही याचे कारण दुसरीकडे आहे आणि वर्ग भरवून ते दूर होणार नाही. थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये हाच विचार सहा कप्प्यांत बसवला. तीन कप्पे परिस्थितीचे: माहिती व अभिप्राय, साधने, प्रोत्साहन. तीन माणसाचे: ज्ञान, क्षमता, प्रेरणा. परिस्थितीचे कप्पे आधी तपासावेत असा त्यांचा आग्रह होता, कारण तेथील दुरुस्ती बहुधा स्वस्त पडते आणि परिणाम अधिक देते. प्रशिक्षण या सहांपैकी एकाच कप्प्यावर, म्हणजे ज्ञानावर, मुख्यतः काम करते. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवावा.

आता गोदामाकडे वळू. चुकांची यादी मागवून प्रत्येक चूक कोणत्या पाळीतील, कोणत्या वेळची, कोणत्या प्रकारच्या मालाची आणि कोणाच्या हातची अशी वर्गवारी केली. समजा असे आढळले की काही चुका दोन गाड्या एकाच वेळी लागल्यावर होतात, काही स्कॅनरची बॅटरी उतरल्यामुळे संकेतांक हाताने लिहावा लागतो तेव्हा होतात, आणि उरलेल्या, साधारण निम्म्या, नव्या पद्धतीतील शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ न कळल्याने होतात. पहिल्या प्रकाराला गाड्यांच्या वेळा बदलणे हा उपाय आहे, दुसऱ्याला बॅटऱ्या. केवळ तिसऱ्यासाठी प्रशिक्षण हवे, आणि तेही ज्यांना अक्षरांचा अर्थ कळलेला नाही त्यांनाच. व्यवस्थापकाने मागितलेला सर्वांसाठीचा दोन दिवसांचा वर्ग येथे एका दिवसावर येतो.

माहिती गोळा करताना मुलाखतीत "तुम्हाला कोणते प्रशिक्षण हवे?" असे कधीही विचारू नये. या प्रश्नाला माणूस सभ्यपणे काहीतरी उत्तर देतो आणि ते उत्तर गरज म्हणून अहवालात जाऊन बसते. त्याऐवजी शेवटची घटना विचारावी: "मागच्या वेळी नोंद अडली तेव्हा काय झाले? तुम्ही आधी काय केलेत? मग कोणाला विचारलेत?" जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या निर्णायक प्रसंग तंत्राचा गाभा हाच आहे, आणि त्याची मुळे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी वैमानिकांच्या अभ्यासात आहेत. मत विचारले की मत मिळते, प्रसंग विचारला की वर्तन कळते. मुलाखतीला जाण्यापूर्वी संस्थेची व त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी, नावे वहीत न लिहिता क्रमांक वापरावेत, आणि सांगितलेली चूक वरिष्ठांपर्यंत जाणार नाही हा शब्द पाळावा. हा शब्द मोडला तर एका माणसाचे नुकसान होते, आणि पुढे त्या जागी कोणीही खरे बोलत नाही.

उद्दिष्ट असे लिहावे की दोन अनोळखी परीक्षकांचे एकमत व्हावे

'नव्या संकेतांक पद्धतीची ओळख करून देणे' हे उद्दिष्ट नव्हे. ते प्रशिक्षकाने काय करायचे ते सांगते, शिकणाऱ्याला काय आले पाहिजे ते सांगत नाही. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: शिकणारा काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत, आणि किती अचूकतेने. आपल्या उदाहरणात ते असे होईल: 'संकेतांकांचा तक्ता समोर असताना आणि स्कॅनर उपलब्ध नसताना, कर्मचारी १५ मिनिटांत ५० खोक्यांची नोंद करील आणि तीत एकापेक्षा अधिक चूक नसेल.'

'समजणे', 'जाणणे', 'जाणीव होणे' ही क्रियापदे उद्दिष्टातून काढून टाकावीत. ब्लूम आणि सहकाऱ्यांची १९५६ ची बौद्धिक पातळ्यांची उतरंड येथे क्रियापद निवडायला मदत करते. २००१ च्या सुधारित आवृत्तीत त्या पातळ्यांना नामांऐवजी क्रियापदेच दिली गेली: स्मरण करणे, आकलन करणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्माण करणे. ती उतरंड पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या कामासाठी दहा उद्दिष्टे लिहावीत, एका सहाध्यायाला द्यावीत आणि विचारावे की हे साध्य झाले की नाही हे तू कसे तपासशील. त्याची आणि तुमची तपासण्याची रीत जुळली नाही, तर उद्दिष्ट पुन्हा लिहावे. पहिल्या खेपेला दहांपैकी सात-आठ पुन्हा लिहावी लागली तरी निराश होण्याचे कारण नाही.

शिकण्याचे सिद्धान्त

सिद्धान्तांचे प्रकरण सहसा लांबलचक असते. त्यातून आराखड्यावर थेट परिणाम करणाऱ्या गोष्टी वेचून घ्याव्यात. बांडुरा यांच्या सामाजिक शिक्षण सिद्धान्तातून दोन गोष्टी मिळतात: माणूस दुसऱ्याला करताना पाहून शिकतो, आणि 'मला हे जमेल' हा विश्वास नसेल तर शिकलेलेही वापरत नाही. कोल्ब यांच्या १९८४ च्या अनुभवाधिष्ठित चक्रातून करून पाहणे आणि त्यावर विचार करणे यांची जोडी मिळते. नोल्स यांच्या प्रौढशिक्षणाच्या विचारातून हे मिळते की प्रौढ माणसाला 'हे मला कशासाठी' याचे उत्तर आधी हवे असते.

यांच्या जोडीला स्मृतीवरील प्रयोग वाचावेत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा वक्र मांडला. शिकल्यानंतर सुरुवातीला विसरणे फार वेगाने होते आणि मग तो वेग मंदावतो. रोडिगर आणि कारपिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले. प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला घेतलेली चाचणी किती फसवी असू शकते, हे या एका प्रयोगातून कळते. एका बैठकीत आठ तास देण्यापेक्षा चार दिवस दोन-दोन तास देणे आणि प्रत्येक वेळी आधीचे आठवायला लावणे का बरे, याचे कारणही येथे सापडते.

हेच स्वतःच्या अभ्यासालाही लावावे. प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर त्यातील मुद्दे आपल्या निवडलेल्या कामाच्या संदर्भात लिहावेत, मग पुस्तकाशी ताडून पाहावेत, आणि तीच गोष्ट आठवड्याने पुन्हा करावी. ओळी रंगवत पुन्हा पुन्हा वाचल्याने विषय ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे असा गैरसमज होतो.

याच प्रकरणात काही दंतकथाही शिरलेल्या आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे. काही पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताळून, आणि प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवले की शिक्षण सुधारते, हे मत फार पसरलेले आहे. परंतु पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा या दाव्याला पुरेसा आधार आढळला नाही. 'माणसाला वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के, केलेले ९० टक्के आठवते' हा तक्ताही असाच आहे. तो एडगर डेल यांच्या १९४६ च्या शंकूच्या, म्हणजे शिकण्याचे अनुभव मूर्ताकडून अमूर्ताकडे मांडणाऱ्या आकृतीच्या, नावावर खपवला जातो. डेल यांच्या शंकूत टक्केवारी नव्हतीच. असाइनमेंटमध्ये हे आकडे दिसले की जाणकार परीक्षकाचा उरलेल्या मजकुरावरील विश्वासही उडतो.

पद्धती

व्याख्यान, रोल-प्ले, केस स्टडी, सिम्युलेशन, ई-लर्निंग, कामावरचे प्रशिक्षण यांच्या फायद्या-तोट्यांचे तक्ते प्रत्येक नोट्समध्ये असतात, त्यामुळे येथे एकच गोष्ट सांगतो. पद्धत उद्दिष्टातील क्रियापदावरून ठरते. कर्मचाऱ्याने नोंद 'करायची' असेल, तर प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ त्याच्या हातून नोंदी होण्यात गेला पाहिजे. चित्रफीत कितीही देखणी असली तरी ती पाहून हात वळत नाही.

कामावरच्या प्रशिक्षणासाठी एक जुनी रीत मुळापासून शिकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ या दरम्यान, अमेरिकेत कारखान्यांतील नवख्या कामगारांना झपाट्याने तयार करण्यासाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही योजना राबवली गेली. तीत सुपरवायझरला चार पायऱ्या शिकवल्या जात: शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे, आणि नंतर लक्ष ठेवणे. त्याआधी सुपरवायझरने कामाची फोड कागदावर करायची असे: एका बाजूला महत्त्वाच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला प्रत्येक पायरीतील खुबी, म्हणजे जिच्यावाचून ती पायरी बिघडते अशी गोष्ट. तुमच्या निवडलेल्या कामाची अशी फोड जरूर करावी. जुना कर्मचारी जे सहज करतो आणि सांगायला विसरतो, ते या दुसऱ्या रकान्यात उतरते. गोदामातील अनुभवी कर्मचारी संकेतांक लिहिण्याआधी खोके फिरवून मागची पट्टीही पाहतो, ही गोष्ट तुम्हाला कोणत्याही पुस्तिकेत मिळणार नाही.

शिकलेले कामावर कसे पोहोचते

बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ मध्ये प्रशिक्षणाच्या संक्रमणाविषयीचे, म्हणजे शिकलेले प्रत्यक्ष कामात उतरण्याविषयीचे, तोवरचे संशोधन एकत्र मांडले आणि त्यावर परिणाम करणारे तीन घटक सांगितले: शिकणाऱ्याचे गुणविशेष, प्रशिक्षणाचा आराखडा आणि कामाचे वातावरण. विद्यार्थी पहिल्या दोघांवर पानेच्या पाने लिहितात आणि तिसऱ्याला दोन ओळी देतात, वास्तविक तिसऱ्यावरच व्यवस्थापकाचे काम सर्वाधिक असते. वर्गातून परतलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात नवे कौशल्य वापरण्याची संधी मिळाली का, सुपरवायझरने विचारपूस केली का, सुरुवातीची संथ गती त्याला परवडू दिली का, हे तीन प्रश्न आपल्या आराखड्यात उत्तरांसह लिहावेत. गोदामात याचा अर्थ असा होईल की पहिले पाच दिवस प्रशिक्षित कर्मचाऱ्याला गर्दीच्या वेळी एकट्याला उभे करायचे नाही, आणि दिवसअखेर त्याच्या दहा नोंदी त्याच्यासमोर तपासायच्या.

'प्रशिक्षणातले केवळ १० टक्के कामावर उतरते' हे वाक्य तुम्हाला अनेक ठिकाणी भेटेल. ते १९८२ च्या एका लेखातील अंदाजवजा वाक्यातून पसरले, त्यामागे मोजणी नव्हती. ते वापरू नये.

मूल्यमापन : येथे सर्वाधिक वेळ द्यावा

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० मधील लेखमालेत मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम. या पायऱ्या सर्वांना पाठ असतात. त्यांतील दोन अडचणी मात्र समजून घ्याव्या लागतात. पहिली अशी की आधीची पायरी चांगली असली म्हणजे पुढची आपोआप साधते, असे नाही. ॲलिगर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की 'कार्यक्रम आवडला' या प्रतिक्रियेचा शिकण्याशी जवळजवळ संबंध नसतो. 'हे मला कामात उपयोगी पडेल' या प्रतिक्रियेचा थोडा अधिक असतो. म्हणून प्रश्नावली करायचीच असेल, तर प्रशिक्षक कसा वाटला हे विचारण्याऐवजी उद्या कामावर तुम्ही नेमके काय वेगळे कराल, हे विचारावे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे: सुधारणा दिसली तरी ती प्रशिक्षणामुळे झाली हे कसे म्हणायचे? समजा प्रशिक्षणापूर्वी संध्याकाळच्या पाळीत दर १००० नोंदींमागे ४० चुका होत्या आणि नंतर २८ झाल्या. बारा चुका कमी झाल्या असे अहवालात लिहिण्याचा मोह होतो. परंतु ज्या पाळीला प्रशिक्षण दिलेच नाही तिच्याही चुका त्याच काळात ३८ वरून ३४ वर आल्या असतील, तर चार चुकांची घट सवयीमुळे, नव्या स्कॅनरमुळे किंवा आणखी कशामुळे तरी आपोआपच झाली आहे. प्रशिक्षणाच्या खात्यावर फार तर आठ जमा करता येतील, आणि तेही दोन्ही पाळ्या एरवी सारख्याच वाटेने चालल्या असत्या असे मानले तर.

आता हाच फरक गुंतवणुकीवरील परताव्यात काय करतो ते पाहावे. जॅक फिलिप्स यांनी रूढ केलेले सूत्र सोपे आहे: लाभातून खर्च वजा करायचा, उरलेल्याला खर्चाने भागायचे आणि १०० ने गुणायचे. पैशांऐवजी आपण श्रमाचे तास हे एकक धरू. दहा कर्मचारी आठ तास कामावरून दूर राहिले, म्हणजे ८० तास. प्रशिक्षकाची तयारी व शिकवणे ५० तास. साहित्य व चाचणीचे ३० तास. एकूण खर्च १६० तास. पाळीत आठवड्याला १००० नोंदी होतात, वर्षात ५० आठवडे काम चालते, आणि एक चूक निस्तरायला अर्धा तास लागतो. बारा चुकांच्या हिशेबाने वर्षाला ६०० चुका, म्हणजे ३०० तास वाचले. निव्वळ लाभ १४० तास, परतावा ८७.५ टक्के. आठ चुकांच्या हिशेबाने ४०० चुका, म्हणजे २०० तास. निव्वळ लाभ ४० तास, परतावा २५ टक्के. प्रशिक्षण तेच आणि माणसेही तीच; केवळ तुलनेसाठी दुसरी पाळी पाहिली, म्हणून आकडा तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आला. हे गणित स्वतःच्या उदाहरणावर हाताने एकदा करावे. मला या विषयातील कोणतेही एकच काम विद्यार्थ्याला द्यायचे झाले, तर मी हेच देईन.

खर्चात कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीचा वेळ धरायला विद्यार्थी हमखास विसरतात, आणि वरच्या उदाहरणात तोच निम्मा खर्च आहे. आणखी एक चूक पाहण्यात येते. सर्वांत वाईट कामगिरी असलेल्यांना निवडून प्रशिक्षण दिले, तर काही न करताही पुढच्या महिन्यात त्यांची सरासरी थोडी सुधारते, कारण अतिशय वाईट महिन्यामागे थोडे दुर्दैवही असते आणि ते दर महिन्याला तितकेच राहत नाही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. आधी घेतलेली चाचणीही माणसाला काही शिकवून जाते. तो परिणाम वेगळा काढण्यासाठी सॉलोमन यांनी १९४९ मध्ये चार गटांचा आराखडा सुचवला. विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमध्ये चार गट मिळणे कठीण, पण तो आराखडा कशासाठी आहे हे सांगता आले पाहिजे.

विकासाचा भाग

मार्गदर्शक नेमणे, कामांची फेरपालट, आव्हानात्मक जबाबदारी सोपवणे ही विकासाची मुख्य साधने आहेत. येथे ७०-२०-१० हे सूत्र हटकून येते: ७० टक्के शिक्षण कामातून, २० टक्के इतरांकडून, १० टक्के औपचारिक वर्गातून. ते १९८० च्या दशकात यशस्वी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःच्या आठवणींतून सांगितलेल्या गोष्टींवर आधारलेले आहे. म्हणून ते विचाराला दिशा म्हणून घ्यावे. प्रशिक्षणाचा खर्च याच प्रमाणात वाटावा असा नियम त्यातून निघत नाही.

विकासावर खर्च केला आणि माणूस निघून गेला तर, हा प्रश्न चर्चेत येतोच. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात केलेला भेद येथे वापरावा: सर्वत्र चालणारे सामान्य कौशल्य आणि एकाच संस्थेत उपयोगी पडणारे विशिष्ट कौशल्य. सामान्य कौशल्याचा खर्च संस्था उचलायला नाखूश का असते, आणि तरीही अनेक संस्था तो का उचलतात, यावर एक पानभर स्वतंत्र टिपण लिहावे. दीर्घोत्तरी प्रश्नाला ते उपयोगी पडते.

संशोधन लेख वाचताना

'पर्सोनेल सायकॉलॉजी' आणि 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी' ही या विषयाची जुनी, भरवशाची नियतकालिके आहेत. लेख पहिल्या ओळीपासून वाचत बसू नये. आधी चार गोष्टी शोधाव्यात: सहभागी कोण होते, काय मोजले, केव्हा मोजले, आणि कशाशी तुलना केली. वर सांगितलेला २००६ चा प्रयोग विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर, गद्य उताऱ्यांवर झाला होता; तो गोदामातील हातकामाला जसाच्या तसा लागू होतो असे लिहिणे घाईचे ठरेल, आणि ही मर्यादा तुम्ही स्वतः नोंदवली तर लेखनाचे वजन वाढते. सत्रात असे सहा लेख नीट वाचले तरी पुष्कळ आहेत.

प्रोजेक्ट अहवाल आणि तोंडी परीक्षा

सत्रभराची वही जपली असेल, तर अहवालाचा निम्मा मजकूर तयार असतो. त्याचा क्रम असा ठेवावा: अडचण आणि तिचे आकडे, त्यांतील प्रशिक्षणाने न सुटणारा भाग, सुटणारा भाग, उद्दिष्टे, आराखडा, कामावर परतल्यानंतरची व्यवस्था, मूल्यमापन. 'न सुटणारा भाग' अहवालात ठळकपणे असावा. परीक्षकाला तुमचा विचार तेथेच दिसतो. संस्थेने प्रत्यक्ष प्रशिक्षण घेऊ दिले नाही, तर मूल्यमापनाचा केवळ आराखडा द्यावा आणि तसे स्पष्ट लिहावे. न घेतलेल्या चाचणीचे आकडे रचणे ही गंभीर लबाडी आहे, आणि ते आकडे सहसा इतके गुळगुळीत असतात की ओळखूही येतात.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी आपल्या शिफारशीखालचा सर्वांत कच्चा आकडा शोधून ठेवावा. गोदामाच्या उदाहरणात तो चूक निस्तरायला लागणाऱ्या अर्ध्या तासाचा आहे. वर्षाला ४०० चुका टळल्या आणि खर्च १६० तास झाला, तर एका चुकीमागे २४ मिनिटांहून कमी वेळ लागत असल्यास हे प्रशिक्षण त्या वर्षी आपला खर्चही भरून काढत नाही. तेव्हा तो अर्धा तास सुपरवायझरने अंदाजाने सांगितलेला आहे, की तुम्ही निदान वीस चुकांच्या दुरुस्तीला घड्याळ लावून मोजलेला आहे, याचे उत्तर प्रश्न येण्याआधी तुमच्याजवळ असावे.